एक्सफोलिएटिंग ॲसिड की रेटिनॉइड? चेहऱ्यासाठी निवड करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृत पेशी काढणारी ॲसिडे आणि रेटिनॉइड ही दोन्ही उत्पादने आज औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात शेजारी शेजारी मिळतात. दोन्हींच्या वेष्टनांवर डाग, मुरुम, तजेला आणि सुरकुत्या हेच शब्द छापलेले असल्याने ती एकमेकांना पर्यायी आहेत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यांचे काम वेगळे आहे, धोके वेगळे आहेत आणि आपल्याकडच्या गव्हाळ ते सावळ्या त्वचेवर त्यांच्या चुकीच्या वापराचे परिणाम महिनोन्‌महिने राहतात. खालील उत्तरे प्रौढ व्यक्तींच्या चेहऱ्याच्या नेहमीच्या तक्रारींपुरती आहेत. पुवाळलेले, खोल, दुखणारे किंवा व्रण सोडणारे मुरुम असतील, तर घरगुती निवडीत वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

ही दोन्ही द्रव्ये त्वचेवर नेमके काय करतात?

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक ॲसिड हा चिकटपणा सैल करते, त्यामुळे त्या पेशी लवकर सुटतात आणि चेहरा काही दिवसांतच गुळगुळीत लागू लागतो. १९७४ साली यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या अमेरिकी संशोधकांनी इक्थिओसिस या खवलेदार त्वचाविकारावर या ॲसिडांचा उपयोग होतो असे दाखवले आणि त्यानंतर ती हळूहळू सौंदर्यप्रसाधनांत आली.

रेटिनॉइड ही अ जीवनसत्त्वाची रूपे आहेत. ती पेशींच्या केंद्रकातील ठरावीक ग्राहींना, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना, जोडली जातात आणि पेशी कशा वाढाव्यात, कशा परिपक्व व्हाव्यात याच्या सूचनाच बदलतात. त्यामुळे केसांच्या मुळाशी असलेल्या नलिकांत पेशींचा गठ्ठा साचत नाही, म्हणजे मुरुमाची पहिली पायरीच टळते, आणि दीर्घ वापराने खालच्या थरात कोलॅजन हे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिनही वाढते. ट्रेटिनॉइन या रेटिनॉइडला अमेरिकेत मुरुमांसाठी १९७१ साली मान्यता मिळाली. त्यामुळे यामागचा अनुभव अर्ध्या शतकाहून जुना आहे, ही बाब निवड करताना लक्षात घेण्याजोगी आहे.

मग निवड कशाच्या आधारावर करावी?

तक्रारीच्या आधारावर करावी. वयाच्या, जाहिरातीच्या किंवा मैत्रिणीला लागू पडलेल्या उत्पादनाच्या आधारावर करू नये.

नाक आणि हनुवटीवर काळे ठिपके, तेलकटपणा आणि अधूनमधून येणारे बारीक पुरळ एवढीच तक्रार असेल, तर सॅलिसिलिक ॲसिड पुरेसे ठरते. ते तेलात विरघळत असल्यामुळे तेलाने भरलेल्या रंध्रांत शिरू शकते, आणि हे ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक ॲसिडला तितके जमत नाही. मुरुम सतत येत असतील, एक जातो न जातो तोच दुसरा उठत असेल, तर मात्र केवळ ॲसिडवर विसंबणे म्हणजे वेळ दवडणे होय. तेथे रेटिनॉइडच पायाभूत उपचार मानला जातो, कारण तो आलेल्या मुरुमावर नव्हे तर येऊ घातलेल्या मुरुमांवर काम करतो. बारीक सुरकुत्या आणि उन्हाने आलेला खरबरीतपणा यांसाठी पुरावा रेटिनॉइडच्या बाजूने अधिक भक्कम आहे. त्वचा नुसतीच निस्तेज आणि कोरडी दिसत असेल, तर लॅक्टिक ॲसिडसारखे सौम्य द्रव्य आठवड्यातून एकदा-दोनदा लावणे योग्य. मुरुमांनंतर उरलेल्या डागांवर दोन्हींचा उपयोग होतो, परंतु नवे मुरुम येणे थांबल्याशिवाय डागांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

वांग ही वेगळी गोष्ट आहे. गालांवर आणि कपाळावर पसरलेला तपकिरी पट्टा ऊन, संप्रेरके आणि अनुवंशिकता यांच्याशी जोडलेला असतो आणि ॲसिडाच्या जळजळीने तो अधिक गडदही होऊ शकतो. वांग असल्याची शंका असेल, तर या दोन्हींपैकी काहीही स्वतःहून सुरू करू नये.

आपल्या वर्णाच्या त्वचेसाठी वेगळा विचार का करावा लागतो?

या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि वेष्टनावर त्याचे उत्तर क्वचितच सापडते. भारतीय त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी अधिक सक्रिय असतात. त्वचेला कोणत्याही कारणाने दाह झाला, मग तो मुरुमाचा असो, ओरखड्याचा असो वा ॲसिडाच्या जळजळीचा, की या पेशी जादा रंगद्रव्य सोडतात आणि त्या जागी तपकिरी किंवा काळपट डाग उरतो. गोऱ्या त्वचेवर दोन दिवस लाली येऊन जे प्रकरण संपते, तेच सावळ्या त्वचेवर सहा महिने डाग बनून बसते. दाह जितका खोल, तितका डाग जाण्यास वेळ अधिक लागतो.

म्हणूनच परदेशी व्हिडिओंमध्ये दाखवलेली, रोज रात्री ॲसिड आणि त्यावर रेटिनॉल अशी दिनचर्या आपल्याकडे जशीच्या तशी उचलणे धोक्याचे आहे. डाग घालवण्यासाठी लावलेल्या द्रव्यानेच नवे डाग येतात, मग ते घालवण्यासाठी आणखी तीव्र द्रव्य आणले जाते, आणि हे चक्र थांबत नाही. माझ्या मते आपल्या त्वचेसाठी पहिला नियम परिणामकारकतेचा नसून दाह टाळण्याचा आहे. जे द्रव्य त्वचा महिनोन्‌महिने शांतपणे सोसू शकते तेच खरे उपयोगी. मग त्याची टक्केवारी कमी असली तरी चालेल.

ॲसिडांपैकी कोणते निवडावे?

ग्लायकोलिक ॲसिडचा रेणू या गटात सर्वांत लहान असल्याने ते झपाट्याने आत जाते. परिणामही लवकर आणि जळजळही लवकर. लॅक्टिक ॲसिडचा रेणू त्याहून मोठा असतो आणि ते त्वचेत ओलावाही धरून ठेवते. मँडेलिक ॲसिड आणखी हळू आत शिरते, म्हणून सावळ्या आणि डाग पडण्याची सवय असलेल्या त्वचेला सुरुवातीसाठी ते विशेष सोयीचे आहे. ग्लुकोनोलॅक्टोन हे याहूनही सौम्य असून संवेदनशील त्वचेला सहसा सोसते. सॅलिसिलिक ॲसिडचा उल्लेख वर आलाच आहे. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण दोन्ही द्रव्ये एकाच कुळातील आहेत.

बाटलीवरील टक्केवारी किती असावी?

रोजच्या घरगुती वापरासाठी सॅलिसिलिक ॲसिड २ टक्क्यांपर्यंत आणि ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक ॲसिड ५ ते १० टक्क्यांपर्यंत पुरे. मात्र केवळ टक्केवारीवरून तीव्रता कळत नाही. पीएच हे आम्लतेचे मापही पाहावे लागते; त्याचा आकडा जितका कमी, तितकी आम्लता अधिक. तेच १० टक्के ग्लायकोलिक ॲसिड पीएच ३.५ असताना जितके बोचते, तितके पीएच ४.५ असताना बोचत नाही, कारण आम्लता कमी झाली की त्वचेत शिरू शकणाऱ्या मुक्त ॲसिडचे प्रमाणही कमी होते. अमेरिकेतील प्रसाधनघटकांच्या तज्ज्ञ समितीने ग्राहकांसाठीच्या उत्पादनांत ही ॲसिडे १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ किंवा त्याहून अधिक असावा, अशी मर्यादा सुचवलेली आहे. ऑनलाइन सहज मिळणारी ३० टक्क्यांची लालभडक द्रावणे या मर्यादेच्या कितीतरी पलीकडची आहेत. ती दहा मिनिटांत धुवायची असली, तरी ज्याने यापूर्वी ॲसिड वापरलेले नाही त्याने ती घरी हाताळू नयेत. क्लिनिकमध्ये याहून तीव्र पील, म्हणजे ॲसिडाने त्वचेचा वरचा थर सोलण्याचा उपचार, करतात हे खरे. पण तेथे त्वचा पाहून वेळ ठरवणारी आणि वेळेवर ॲसिड निष्प्रभ करणारी प्रशिक्षित व्यक्ती समोर असते.

रेटिनॉल, ॲडापॅलीन आणि ट्रेटिनॉइन यांत काय फरक आहे?

ट्रेटिनॉइन म्हणजे थेट रेटिनॉइक ॲसिड. ते त्वचेवर पडताच कामाला लागते. रेटिनॉलला आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक ॲसिड अशी दोन रूपांतरे त्वचेत पार करावी लागतात, त्यामुळे ते सौम्य असते आणि परिणामालाही अधिक काळ लागतो. रेटिनिल पामिटेट त्याहून एक पायरी मागे आहे आणि त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. ॲडापॅलीन हे प्रयोगशाळेत घडवलेले रेटिनॉइड मुरुमांसाठी प्रभावी असून ट्रेटिनॉइनपेक्षा सहसा कमी चुरचुरते आणि प्रकाशात टिकूनही राहते. २०१६ पासून अमेरिकेत ०.१ टक्का ॲडापॅलीन जेल चिठ्ठीविना मिळते. आपल्याकडे मात्र ॲडापॅलीन आणि ट्रेटिनॉइन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, दुकानदाराने सहज काढून दिले तरीही.

सौंदर्यप्रसाधन म्हणून रेटिनॉल घ्यायचे असेल, तर ०.१ ते ०.३ टक्के हा सुरुवातीचा टप्पा समंजस आहे. युरोपीय संघाने चेहऱ्यावरील उत्पादनांसाठी ०.३ टक्क्यांची कमाल मर्यादाच घातली आहे, हे १ टक्क्याच्या बाटलीकडे हात नेण्याआधी आठवावे.

रेटिनॉइड लावण्याची योग्य पद्धत कोणती?

रात्री चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन टिपून घ्यावा आणि पूर्ण कोरडा होऊ द्यावा. ओलसर त्वचेवर द्रव्य अधिक आत जाते आणि अधिक चुरचुरते. त्यानंतर वाटाण्याएवढे क्रीम बोटाच्या टोकावर घेऊन कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी येथे एकेक ठिपका ठेवावा आणि तो पातळ पसरवावा. संपूर्ण चेहऱ्याला एवढेच पुरते. मुरुमावर थेंब ठेवून सोडण्याचे हे औषध नाही. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे खोबण आणि ओठांचे कोपरे येथे क्रीम साचते आणि तेथेच सर्वांत आधी सालपटे निघतात, म्हणून त्या जागांवर आधी थोडे व्हॅसलीन लावून ठेवणे उपयोगी पडते. वरून मॉइश्चरायझर लावावे. त्वचा नाजूक असेल, तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉइड आणि पुन्हा मॉइश्चरायझर असा क्रम ठेवण्यास हरकत नाही.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री, त्रास नसेल तर पुढे एका आड एक रात्र आणि मग सोसेल तसे रोज, अशी चढण ठेवावी. जोराने सालपटे निघू लागली तर चार-पाच दिवस थांबावे आणि आधीच्या पायरीवर परतावे. पुष्कळजण येथेच औषध कायमचे सोडून देतात, आणि याचे वाईट वाटते, कारण बहुतेक वेळा दोष औषधाचा नसून घाईचा असतो.

सुरू केल्यावर मुरुम वाढले. बंद करावे का?

त्वचेखाली आधीच तयार होत असलेले मुरुम रेटिनॉइडमुळे लवकर वर येतात, त्यामुळे साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पुरळ वाढल्यासारखे दिसू शकते. नेहमी जेथे मुरुम येत असत तेथेच ते आले, लहान असले आणि लवकर बसले, तर धीर धरावा. मुरुम कधीच न येणाऱ्या जागी पुरळ उठले, खाज सुटली, सूज आली किंवा सतत आग होऊ लागली, तर तो दाह किंवा ॲलर्जी असण्याची शक्यता आहे. तेव्हा थांबून डॉक्टरांना दाखवावे.

दोन्ही एकत्र वापरता येतात का?

येतात, पण एकाच वेळी सुरू करता येत नाहीत. आधी एकाची त्वचेला पुरती सवय होऊ द्यावी, यासाठी दोन-तीन महिने द्यावेत, आणि मगच गरज उरली असेल तर दुसरे वेगळ्या रात्री आणावे. उदाहरणार्थ आठवड्यातून एक रात्र ॲसिडाची, त्या रात्री रेटिनॉइड नाही. गरज उरली असेल तर, हे शब्द येथे मुद्दाम लिहिले आहेत. रेटिनॉइड नियमित लावणाऱ्या बहुतेकांना स्वतंत्र ॲसिडाची आवश्यकता भासत नाही.

गोरेपणासाठी मिळणाऱ्या तिहेरी क्रीममध्येही ट्रेटिनॉइन असते. ते चालेल का?

नाही, आणि या उत्तराला अपवाद नाही. १९७५ साली अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस यांनी हायड्रोक्विनोन हे रंग फिका करणारे द्रव्य, ट्रेटिनॉइन आणि एक दाहशामक स्टिरॉइड अशा मिश्रणाचा उपयोग डागांवर दाखवला. त्याच कल्पनेवर बेतलेली, पण मोमेटासोनसारखे स्टिरॉइड असलेली क्रीमे आपल्याकडे वर्षानुवर्षे गोरे होण्याचे क्रीम म्हणून औषधाच्या दुकानांतून, पार्लरमधून आणि नातेवाइकांच्या शिफारशीवरून वापरली जात आहेत. डॉक्टर असे मिश्रण वांगावर काही आठवड्यांपुरते देतात, ती गोष्ट वेगळी. स्वतःहून महिनोन्‌महिने लावल्यास मात्र स्टिरॉइडमुळे त्वचा पातळ होते, लालसर रक्तवाहिन्या दिसू लागतात, स्त्रियांच्या चेहऱ्यावर लव वाढते, मुरुम उसळतात, आणि क्रीम बंद करताच चेहरा असा भाजल्यासारखा होतो की माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिच्याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टिरॉइडांना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या अनुसूचीत आणले. तरीही ही नळी आजही अनेक घरांतील आरशामागे सापडते. नळीवरील बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी काहीही दिसले, तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे. बराच काळ वापर झाला असेल, तर ते अचानक बंदही करू नये. त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडवावे.

गरोदरपणात काय वापरावे?

गर्भधारणेचा विचार सुरू असतानाच रेटिनॉइड थांबवावे आणि गरोदरपणात त्यांपैकी कोणतेही, अगदी प्रसाधनातील रेटिनॉलही, वापरू नये. तोंडाने घेतल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते हे निर्विवाद आहे. लावण्याच्या क्रीममधून रक्तात जाणारे प्रमाण अत्यल्प असले, तरी केवळ सौंदर्यासाठी तेवढीही जोखीम घेण्याचे कारण नाही. सौम्य प्रमाणातील लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक ॲसिड तसेच अझेलेइक ॲसिड हे पर्याय सामान्यतः सुरक्षित मानले जातात, पण आपल्या डॉक्टरांना सांगूनच घ्यावेत. सॅलिसिलिक ॲसिडची तीव्र पील टाळावी. नकळत काही दिवस रेटिनॉल लावले गेले असेल, तर घाबरून न जाता ते थांबवावे आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घालावे.

सनस्क्रीन खरोखर इतके आवश्यक आहे का?

होय. ॲसिडांमुळे त्वचा उन्हाला अधिक हळवी होते आणि रेटिनॉइडच्या सुरुवातीच्या काळातही तेच घडते. सकाळी एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे, लावणे ज्यांना शक्य नाही किंवा मान्य नाही, त्यांनी या दोन्ही गोष्टी सुरूच करू नयेत असे मी स्पष्टपणे म्हणेन. विदर्भातील एप्रिल-मे महिन्यांत दुचाकीवरून किंवा शेतात दिवस काढणाऱ्यांनी तर आरंभ पावसाळ्यानंतर करावा, आणि स्कार्फ किंवा टोपीही सोडू नये. डाग किंवा वांग असणाऱ्यांसाठी लोह ऑक्साइड असलेले, रंगाची छटा असणारे सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण आपल्या त्वचेचा रंग दृश्य प्रकाशानेही गडद होतो.

थ्रेडिंग, वॅक्सिंग, दिवाळीचे उटणे आणि लग्नाआधीची तयारी यांचे काय?

रेटिनॉइड सुरू असताना वरच्या ओठावर किंवा गालांवर वॅक्स केल्यास केसांबरोबर त्वचेचा थरही निघून येऊ शकतो आणि त्या जागी काळा पट्टा उमटतो. वॅक्सच्या किमान आठवडाभर आधी रेटिनॉइड आणि ॲसिड दोन्ही थांबवावे, त्वचा पूर्ण शांत झाल्यावरच पुन्हा लावावे, आणि पार्लरमधील ताईंना आपण काय लावतो हे आधी सांगावे. थ्रेडिंगला धोका कमी, पण तेथेही दोन-तीन दिवसांची सुट्टी बरी. ब्लीच टाळावेच. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगात उटणे अंगाला जरूर लावावे, मात्र चेहऱ्यावर ते घासू नये, कारण खरखरीत पूड आणि रेटिनॉइड मिळून तीच जळजळ दुप्पट होते. लग्न ठरल्यावर घाईने नवे ॲसिड किंवा रेटिनॉल आणणे ही अगदी नेहमीची चूक आहे. लग्नाला तीन महिन्यांहून कमी अवधी असेल, तर नवे काहीही सुरू करू नये. हळदीच्या दिवशी सोलवटलेला चेहरा कोणालाच नको असतो.

ॲसिडच लावायचे तर लिंबू किंवा आंबट दही का नको?

लिंबाच्या रसाचा पीएच सुमारे २ असतो, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेपेक्षा तो कितीतरी अधिक आम्ल आहे. शिवाय त्यातील काही द्रव्ये उन्हाशी संयोग होऊन त्वचा भाजवतात आणि त्यानंतर उठणारे काळे चट्टे लवकर जात नाहीत. दह्यात लॅक्टिक ॲसिड असते हे खरे, पण त्याचे प्रमाण अल्प आणि दर वेळी वेगळे असते. ते लावल्याने फारसे नुकसान होत नाही आणि फारसा लाभही होत नाही.

मानेवरील काळेपणा कोणत्या ॲसिडने जाईल?

मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळी, जाड आणि मखमली लागत असेल, तर तो मळ नव्हे. पुष्कळदा ते शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याचे लक्षण असते. अशा वेळी घासणे आणि ॲसिड लावणे थांबवून रक्तातील साखर तपासून घ्यावी. वजन आणि साखर आटोक्यात आल्यावर हा काळेपणा बराच कमी होतो.

फरक किती दिवसांत दिसतो?

ॲसिडाने येणारा गुळगुळीतपणा दोन-चार आठवड्यांत जाणवतो आणि वापर थांबवला की तसाच ओसरतो. मुरुमांवरील रेटिनॉइडचे मूल्यमापन बारा आठवड्यांपूर्वी करू नये. डागांना तीन ते सहा महिने आणि सुरकुत्यांना किमान सहा महिने लागतात. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी चेहऱ्याचा फोटो काढून ठेवावा, कारण रोजच्या आरशात हा संथ बदल लक्षात येत नाही.

उघडलेली नळी किंवा बाटली किती काळ वापरावी?

रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन हवा आणि प्रकाश यांमुळे निकामी होतात. म्हणून नळीतील किंवा हवाबंद पंपातील उत्पादन घ्यावे. रुंद तोंडाच्या काचेच्या डबीतील रेटिनॉल टाळावे. झाकण घट्ट लावून कपाटात, उष्णतेपासून दूर ठेवावे. न्हाणीघरातील फळी त्यासाठी योग्य जागा नाही. वेष्टनावर उघड्या डबीच्या चिन्हात ६ एम किंवा १२ एम असे लिहिलेले असते, म्हणजे उघडल्यानंतर तितके महिने. नळीवर उघडल्याची तारीख पेनने लिहून ठेवावी आणि क्रीम गडद पिवळे किंवा तपकिरी पडले, तर मुदत शिल्लक असली तरी टाकून द्यावे.